इथरनेट ड्रायव्हरआधी क्लॉकची तयारी

नवा बोर्ड टेबलावर आला की आधी कोड नको, सर्किटची पीडीएफ उघडा. मॅक (प्रोसेसरमधला इथरनेटचा भाग) आणि फाय (केबलशी बोलणारी चिप) यांना क्लॉक कोण देतंय ते कागदावर लिहून काढा. त्यांच्यातली जोडणी आरएमआयआय या कमी तारांच्या प्रकारची असेल तर दोघांना एकच ५० मेगाहर्ट्‌झ लागतो. तो वेगळ्या ऑसिलेटरवरून येईल, प्रोसेसरच्या पिनवरून येईल, नाहीतर फायच देईल. लॅन ८७२० या फायला २५ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावला तर ५० तो स्वतः बनवून बाहेर देतो, पण रीसेटच्या वेळी त्याची एलईडी २ ची पिन खाली ओढलेली हवी. तो एक रेझिस्टर बसवायचा राहिला, की फाय बाहेरून क्लॉक येईल म्हणून थांबतो, मॅक फायची वाट बघतो, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आता ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप. मॅकच्या पिनजवळ, प्रोब दहापटीवर, ग्राउंडची तार आखूड. ५० दिसत नसेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण लिनक्सच्या एसटीमॅक या मॅकच्या ड्रायव्हरने डीएमए (मेमरीत थेट डेटा नेणारा भाग) रीसेट झाला नाही म्हणून तक्रार केली आणि मी दोन दिवस डीएमएच्या रजिस्टरांत घातले. त्या मॅकचा रीसेट फायकडून येणारा क्लॉक चालू असल्याशिवाय पुराच होत नाही. माझ्या बोर्डवर फायची रीसेट पिन कोणी सोडलीच नव्हती, म्हणजे फाय रीसेटमध्येच अडकला होता. एसटीएम३२ वर लिनक्सशिवाय काम करणाऱ्यांनाही हाच मॅक भेटतो, तेव्हा इनिटमध्येच, म्हणजे मॅक सुरू करतानाच, गाडी अडली तर आधी हे बघा.

मग डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नलला बोर्डची माहिती देणारी फाइल. क्लॉकची नावं बाइंडिंगमध्ये (त्या फाइलच्या नियमांच्या कागदात) आहेत तशीच, अक्षरन् अक्षर. क्लॉक आणि रीसेटचा क्रमही तपासा: क्लॉक स्थिर झाल्यावरच फायचा रीसेट सोडायचा. बूट झाल्यावर डीबगएफएसमधला (कर्नलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या फायलींमधला) क्लॉक समरी वाचा. कागदावरचा आकडा आणि तिथला आकडा जुळला पाहिजे. बूटच्या शेवटी नेटवर्क गप्प होत असेल तर कर्नलला क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड देऊन पाहा. त्याने चालू झालं तर कुठला तरी क्लॉक ड्रायव्हरने मागितलेलाच नाही, म्हणून कर्नलने तो बंद केला. हा पर्याय फक्त निदानासाठी. तसाच ठेवून माल पाठवू नका.

एमडीसी म्हणजे मॅक ज्यावर फायची रजिस्टरं वाचतो-लिहितो तो क्लॉक; त्याचा भाजक बस क्लॉकवरून ठरतो, २.५ मेगाहर्ट्‌झच्या आत ठेवा. १६८ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एसटीएम३२ एफ४०७ ला १०२ ने भागायचं, म्हणजे साधारण १.६५ मेगाहर्ट्‌झ.

जोडणी आरजीएमआयआय (१००० च्या वेगापर्यंत जाणारी) असेल तर क्लॉकला सुमारे २ नॅनोसेकंदांचा विलंब मॅक, फाय किंवा पीसीबीचा ट्रेस यांपैकी कोणी एकानेच द्यायचा. दोघांनी दिला की लिंक येते, पण सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही आणि पॅकेट गळतात.

शेवटी आरजीएमआयआयवर १०, १०० आणि १००० मेगाबिट या तिन्ही वेगांवर केबल काढून-घालून बघा. टीएक्स क्लॉक अनुक्रमे २.५, २५ आणि १२५ मेगाहर्ट्‌झ व्हायला हवा. १००० वर पळणारा आणि १०० वर पॅकेट गिळणारा बोर्ड दिसला तर लिंक बदलल्यावर क्लॉकचा दर बदलतोय का, तेवढं स्कोपवर पुन्हा बघा.