हेडला बारीक तडा गेलाय? वेल्डरकडे धावण्याआधी हे करा

इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तडकलं की तीन सल्ले मिळतात. रेडिएटरमध्ये पावडर टाका, वरून एपॉक्सी भरा, नाहीतर हेड भंगारात द्या. पहिले दोन देणाऱ्यांना मी गॅरेजच्या बाहेर चहा पाजतो, आत घेत नाही. तिसरा कधीकधी बरोबर असतो.

मी बोलतोय ते जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीच्या हेडबद्दल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पाणी संपलेलं असताना गाडी रेटली की बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागाच राहत नाही, आणि थंड होताना दोन व्हॉल्व्ह सीटमधली (सीट म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडी) अरुंद पट्टी ताणून फाटते. तडा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हेड उतरवा, कार्बन काढा, धुवा. तड्यात मुरणारा लाल रंग, म्हणजे डाय, लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, मुरलेला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तिथे केसासारखी लाल रेघ उमटते. ब्लॉकला वापरतात ती चुंबकाची पूड इथे आणू नका, ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही.

मग प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात बुडवायचं. थंड पाण्यात टेस्ट करून ‘ओके’ म्हणणाऱ्याचा भरवसा धरू नका, गार हेडमधला तडा मिटलेला असतो.

बुडबुडे आले नाहीत आणि सीटमधली रेघ केसाएवढीच असेल, तर हात लावू नका. फोक्सवॅगनच्या काही इंजिनांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये सीटमधला ०.५ मि.मी. रुंदीपर्यंतचा तडा चालतो असं छापलेलं आहे. तो आकडा मारुतीचा नाही, पण प्रत्येक रेघ म्हणजे मरण नव्हे एवढं त्यावरून कळतं. उलट तडा कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत किंवा ऑइलच्या वाटेत गेला असेल, नाहीतर तिन्ही सिलिंडरच्या पट्ट्या फाटल्या असतील, तर दुसरं हेड शोधा.

बुडबुडे आले तर आता खरं काम: वेल्डिंग भरण्यासाठी तडा खोदणं. वेल्डिंग चांगलं करणारे भरपूर आहेत. पण तडा शेवटपर्यंत खोदलेला नसेल तर त्यांचा हात कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. दुधाच्या फेरीची एक ओम्नी होती. सीट काढली, हँड ग्राइंडरला दगड लावून तडा खोदला, रेघ दिसेनाशी झाली तेव्हा थांबलो. वेल्डिंग सुरेख झालं. बाराव्या दिवशी गाडी टो होऊन परत आली. जोड शाबूत होता, त्याच्या टोकापासून पुढे नवीन रेघ गेली होती. नवीन कसली, जुनीच ती. ॲल्युमिनियम मऊ असतं. दगड ते कापत नाही, लोणी फासावं तसं तड्यावर फासतो. तडा संपला नव्हता, मी तो झाकला होता.

तेव्हापासून दगड बंद. ॲल्युमिनियमसाठी मिळणारा मोठ्या दातांचा कार्बाइड बर, म्हणजे ग्राइंडरला लावायचं कापणारं टोक, घ्या, दातांत चिकटू नये म्हणून थोडं मेण लावा आणि दाब न देता कापा. रेघ गेली की हेड हळूहळू गरम करा. तडा उरला असेल तर त्यात मुरलेलं ऑइल घामासारखं बाहेर येतं, चकचकीत धातूवर बारीक काळी रेघ दिसते. पुसा, गार होऊ द्या, आणखी कापा, पुन्हा गरम करा. मला तीन-चार फेऱ्या लागतात. शेवटी डाय मारून खात्री करायची आणि तरीही टोकापुढे पाचेक मि.मी. जास्त खोदायचं. पाण्याच्या बाजूला भोक पडलं तर घाबरू नका. बुडबुडे येत होते म्हणजे ते आधीपासून होतंच. पण पलीकडचा क्षार खरवडून काढा, नाहीतर तो जोडात शिरतो.

डाय ॲसिटोनने पूर्ण काढा. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको. वेल्डिंगच्या आर्कखाली त्याचा फॉस्जीन होतो, आणि तो वायू माणूस मारतो.

वेल्डिंग एसी टिगवर (आर्क वेल्डिंगचा एक प्रकार), ४०४३ नंबरची ॲल्युमिनियमची सळई, हेड ओव्हनमध्ये दीडशे अंशांच्या आसपास तापवून. स्टीलचा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला हवा. पहिल्या थरात काळे ठिपके दिसले तर वेल्डरला पुढे जाऊ देऊ नका, थर कापून काढायला लावा. तो कुरकुरेल. काम झालं की हेड ग्लासवूलमध्ये गुंडाळून रात्रभर सोडा.

सकाळी पुन्हा गरम पाण्यात प्रेशर टेस्ट, मग सीट बसवणं. फेसिंगची, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग मशिनवर सपाट करण्याची, घाई करू नका. या हेडला वाकण्याची मर्यादा ०.०५ मि.मी. आहे, पण खालचा पृष्ठभाग घासून सरळ केला म्हणजे वरची कॅमची भोकं एका रेषेत आली असं होत नाही. रॉकर (कॅमवरून व्हॉल्व्ह दाबणारे हात) न लावता नुसता कॅम ऑइल लावून बसवा आणि दोन बोटांनी फिरवा. अडकला तर हेड आधी सरळ करून घ्या, फेसिंग त्यानंतर.