इंडोनेशियाचे भाषाधोरण वर्गात कसे उतरवावे

इंडोनेशियात सातशेहून अधिक प्रादेशिक भाषा बोलल्या जातात. शाळेचे माध्यम मात्र बहासा इंडोनेशिया ही राष्ट्रभाषाच आहे. त्यामुळे शिक्षकाने पाठाची आखणी करण्यापूर्वी २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्यातील कलम ३३ नीट वाचावे. राष्ट्रभाषेला माध्यम ठरवणारे हेच कलम शिक्षणाच्या प्रारंभीच्या टप्प्यात, ज्ञान किंवा कौशल्य पोहोचवण्यासाठी गरज असल्यास, प्रादेशिक भाषा वापरण्याची मोकळीक देते. माझ्या मते खेड्यातील पहिली-दुसरीच्या वर्गाचे यश या मोकळिकीच्या विचारपूर्वक वापरावर अवलंबून असते.

मध्य जावातील दुसरीचा वर्ग घेऊ. मुले घरी जावानीज बोलतात. २०२२ मध्ये आलेल्या ‘कुरिकुलुम मर्देका’ या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिली आणि दुसरी मिळून ‘फासे आ’ हा एक टप्पा होतो आणि अपेक्षित क्षमता संपूर्ण टप्प्यासाठी दिलेल्या असतात. त्यांतून छोटी उद्दिष्टे काढणे, त्यांचा क्रम लावणे आणि ‘मोदुल आजार’, म्हणजे पाठाचा आराखडा, तयार करणे हे काम शिक्षकाचे. त्याआधी प्रत्येक मुलाला बहासा इंडोनेशिया ऐकून कितपत समजते, हे साध्या संभाषणातून तपासावे. ही पायरी गाळली, तर न बोलणाऱ्या मुलाला विषय कळला नाही की केवळ भाषा अडली, हे समजण्याचा मार्गच उरत नाही.

पाठासाठी तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, करण्याची कृती निवडावी, कारण ती मुलांच्या परिचयाची असते. सोयाबीन भिजवणे, शिजवणे, सालपटे काढणे, विरजण मिसळणे आणि केळीच्या पानात बांधणे हा क्रम मुलांना प्रथम जावानीजमध्ये सांगू द्यावा. मग तोच क्रम चित्रांच्या आधारे सर्वांनी मिळून बहासा इंडोनेशियात रचावा, मोठ्याने म्हणावा आणि शेवटी प्रत्येकाने दोन-तीन वाक्ये लिहावीत. क्रियापदाला लागणारा ‘दि’ जोडून आणि स्थळ दाखवणारा ‘दि’ सुटा लिहायचा असतो. म्हणून ‘दिरबुस’ (शिजवले जाते) आणि ‘दि दापुर’ (स्वयंपाकघरात) हे शब्द फळ्यावर शेजारी लिहून फरक दाखवावा. नियमाची व्याख्या या वयात सांगू नये.

जावानीजचा हा आधार हळूहळू कमी करत न्यावा. स्थानिक विषय म्हणून जावानीजचा जो स्वतंत्र तास असतो, त्याच्याशी या आधाराची गल्लत होऊ देऊ नये. त्या तासाचा हेतू ती भाषा आणि तिच्यातील आदरार्थी बोली जपण्याचा आहे.

मूल्यमापनात क्रम बरोबर सांगता येणे आणि तो बहासा इंडोनेशियात मांडता येणे यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. पहिली गोष्ट जमली आणि दुसरी अडली, तर पुढच्या आठवड्याच्या आराखड्यात नवा विषय न घेता त्याच कृतीवर तोंडी सराव वाढवावा.