मंडळीच्या अभ्यासवर्गात वंशभेदाचा विषय कसा घ्यावा

वंशभेदाविषयी ख्रिस्ती शिकवण काय, असा प्रश्न निघाला की अभ्यासवर्गाचा चालक बहुधा गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडतो, ख्रिस्ताच्या ठायी यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही हे वचन वाचतो, सर्व जण माना डोलावतात आणि वर्ग अर्ध्या तासात आटोपतो. वचन योग्यच आहे. अडचण अशी की हेच वचन वाचणाऱ्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, गुलामही बाळगले आणि वर्णविद्वेषी कायद्यांना शास्त्राधारही पुरवला. म्हणून तरुण संघ, स्त्रियांची सभा किंवा उपासनेनंतरचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्याने या विषयाला निदान चार बैठका द्याव्यात, आणि सुरुवात ज्या वचनांचा गैरवापर झाला त्यांच्यापासूनच करावी.

पहिल्या बैठकीत उत्पत्तीचा नववा अध्याय विसाव्या वचनापासून वाचावा. वाचण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: नोहाने शाप कोणाला दिला? बरेच जण ‘हामाला’ असे उत्तर देतील. मग मजकूर वाचून दाखवावा. शाप हामाला नाही, त्याचा मुलगा कनान याला आहे. पुढच्याच अध्यायातील वंशावळीत कूश हा कनानाचा वेगळा भाऊ आहे, आफ्रिकेतील लोकांचा संबंध जोडला जातो तो कूशाशी, आणि कातडीच्या रंगाचा उल्लेख दोन्ही अध्यायांत कुठेही नाही. तरीही अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६१ च्या यादवी युद्धापूर्वी कित्येक उपदेशक काळ्या माणसांची गुलामी याच शापातून सिद्ध करीत असत. वाचकाला जे हवे होते ते त्याने मजकुरात घातले, हे सभासदांनी स्वतः बोट ठेवून पाहिले पाहिजे. चालकाने सांगितल्याने ते तितके ठसत नाही.

त्याच बैठकीत प्रेषितांची कृत्ये १७:२६ घ्यावे. अथेनै येथील भाषणात पौल म्हणतो की देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली आणि त्यांचे समय व वस्तीच्या सीमा ठरवल्या. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १९७४ च्या अहवालात बाबेलच्या, म्हणजे देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवल्याच्या कथेबरोबर या वचनाचाही आधार घेऊन प्रत्येक वंशाचा स्वतंत्र विकास समर्थनीय ठरवण्यात आला. सीमांवर भर दिला आणि ‘एकापासून’ हा भाग बाजूला पडला. शिवाय माणसांनी देवाला शोधावे म्हणून हे सर्व केले, असे लगेच पुढच्या वचनात सांगितलेले हेतूचे वाक्यही मागे राहिले. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात मवाबी लोकांना मंडळीत प्रवेश नाकारला आहे, आणि एज्राच्या शेवटी परक्या स्त्रिया सोडून देण्याचा प्रसंग आहे. हे उतारे लपवू नयेत, कोणीतरी ते काढणारच. त्यांच्या शेजारी रूथचे पुस्तक ठेवावे: रूथ मवाबी होती, दाविदाची पणजी झाली, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव घेतले आहे. गणनेच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी बायकोवरून त्याची बहीण मिर्याम कुरबूर करते, तेव्हा तिचे अंग कोडाने बर्फासारखे पांढरे होते, ही कथाही येथेच वाचता येईल. तरुणांना तिच्यातला उपरोध सांगावा लागत नाही.

दुसरी बैठक जेवणाच्या पंक्तीविषयी असावी, आणि माझ्या मते चारही बैठकांत ही सर्वांत महत्त्वाची आहे. आधी कृत्ये १० वाचावे, जेथे पेत्र रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी जातो आणि देव पक्षपाती नाही हे कबूल करतो. मग गलती २:११ ते १४ वाचावे. तोच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसत होता, पण यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे येताच भीतीने वेगळा बसू लागला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. पेत्राचे मत बदलले नव्हते, हे सभासदांच्या लक्षात आणून द्यावे. सिद्धांत पक्का होता, ताट मात्र उचलले गेले. आणि पौलाने त्याला शिष्टाचाराची चूक न म्हणता शुभवार्तेच्या सत्याला धरून नसलेले वर्तन म्हटले.

यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचा इतिहास सांगावा. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८२९ च्या सिनॉडने (चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने) प्रभुभोजन रंगाचा भेद न करता सर्वांना एकत्र द्यावे, असे ठरवले होते. १८५७ च्या सिनॉडने एकत्र उपासना इष्ट व शास्त्रानुसार असल्याचे पुन्हा म्हटले, मात्र ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ कार्यात अडथळा येत असेल तर गोऱ्येतर सभासदांसाठी वेगळ्या इमारतीत उपासना ठेवण्यास मुभा दिली. ही दुर्बलता कोणाची होती आणि तिची किंमत कोणी मोजली, यावर वर्गाला पुरेसा वेळ बोलू द्यावे. पौलाने दुर्बळांना सांभाळून घ्यायला सांगितले ते खाण्यापिण्याच्या आणि दिवस पाळण्याच्या बाबतीत. बंधूला पंक्तीतून उठवण्याची सोय त्यात नाही. १८८१ साली मिश्रवंशीय सभासदांसाठी वेगळी मंडळीच स्थापन झाली. १९४८ साली डी. एफ. मलान पंतप्रधान झाले, जे पूर्वी याच चर्चचे पाळक होते. त्यानंतर मिश्रविवाह बंदीचा कायदा १९४९ मध्ये आणि प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंदणी करणारा कायदा १९५० मध्ये आला. सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट शंभर वर्षांच्या आत राज्यव्यवस्था झाली.

तिसऱ्या बैठकीत त्याच परंपरेतून उठलेला विरोध दाखवावा. एरवी ऐकणाऱ्याला वाटते की बायबल एका बाजूला होते आणि न्याय दुसऱ्या बाजूला. मार्च १९६० मध्ये शार्पविल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. त्यानंतर बायर्स नौदे या गोऱ्या पाळकाने चर्चच्या भूमिकेशी फारकत घेतली, १९६३ साली आपले व्यासपीठ सोडले, आणि पुढे १९७७ पासून सात वर्षे सरकारी बंदी, म्हणजे लोकांना भेटण्या-बोलण्यावरचे निर्बंध, सोसली. रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने १९८२ साली ओटावा येथे वर्णविभक्तीचे (अपार्थाइडचे) धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. त्याच वर्षी १८८१ साली वेगळ्या काढलेल्या त्या मंडळीने बेल्हार येथे विश्वासाचा कबुलीजबाब तयार केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. वेळ असल्यास त्यातील ऐक्य, समेट आणि न्याय हे तीन भाग वाचावेत. देव विशेषेकरून निराधारांचा, गरिबांचा व अन्याय झालेल्यांचा देव आहे, या त्यातील विधानावर मतभेद होतात. ते होऊ द्यावेत.

चौथी बैठक आपल्या मंडळीची. येथे वंश आणि जात एकच, असे म्हणण्याची घाई करू नये. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण दोन्हींतील नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते: जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणून विकलेल्या माणसांचे वंशज असलेले कित्येक सिद्दी आज उत्तर कन्नड जिल्ह्यात कॅथलिक आहेत. दक्षिण भारतात काही गावांत ख्रिस्ती दफनभूमीही जातीनुसार विभागलेली आहे. हे सांगून झाल्यावर प्रश्न जवळचे ठेवावेत. ख्रिस्ती स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द का लागतो? पुण्यात शिकणारे नागा, मिझो किंवा आफ्रिकी विद्यार्थी उपासनेला येतात, त्यांना जेवायला घरी कोण नेते? परदेशात सावळ्या रंगामुळे अपमान सोसलेले आपले नातेवाईक काळी सून आणायला तयार होतील का?

या बैठकीत चालकाने काही पथ्ये पाळावीत. वर्गात एखादीच व्यक्ती ईशान्येकडील, दलित किंवा परदेशी असेल तर तिला सर्वांच्या वतीने बोलायला लावू नये; तिने आपणहून सांगितले तर मध्ये तोडू नये, आणि ‘तुझा गैरसमज झाला असेल’ असे कोणालाही म्हणू देऊ नये. मंडळीत राजकारण कशाला, असा आक्षेप आला तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचावा, कारण तेथे सभेत कोणाला कोठे बसवले एवढ्यावरून लेखक पापाची भाषा करतो. ‘लोक अजून तयार नाहीत’ हे वाक्य हमखास येईल, आणि तेव्हा १८५७ चा ठराव पुन्हा काढावा.

शेवटी चर्चेतून एक किंवा दोनच ठोस सूचना निवडाव्यात, जसे की प्रभुभोजन वाढणाऱ्यांची पाळी सर्व कुटुंबांत फिरवणे, दूरच्या विद्यार्थ्यांना जेवायला नेण्याची यादी करणे, किंवा मंडळीच्या पत्रकातील स्थळांच्या जाहिरातींत रंगाचा उल्लेख बंद करणे. सूचना कमिटीकडे लेखी द्यावी, निर्णय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि पुढच्या वार्षिक सभेत त्याचे काय झाले हे विचारण्याचे काम वर्गातील दोघांवर नावानिशी सोपवावे.