ग्रंथालयशास्त्र शिकताना: वीस पुस्तके आणि सगळे पेपर

मुंबई विद्यापीठ असो वा एसएनडीटी महिला विद्यापीठ, ग्रंथालयशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी तयार करणे), संदर्भसेवा आणि संगणकीकरण हे विषय वेगवेगळ्या पेपरांत शिकवले जातात. प्रत्यक्ष ग्रंथालयात मात्र एकच पुस्तक या सर्व टप्प्यांतून जाते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच घरातील किंवा जवळच्या वाचनालयातील वीसेक पुस्तके निवडावीत आणि प्रत्येक पेपरचा सराव त्यांच्यावरच करावा. त्यांत एखादा कवितासंग्रह, पाककृतींचे पुस्तक, अनुवाद, दोन लेखकांनी मिळून लिहिलेला ग्रंथ, संस्थेचा अहवाल आणि एक तरी दिवाळी अंक असावा, कारण अडचणी अशाच ठिकाणी येतात.

वर्गीकरणाच्या तासाला दिलेल्या शीर्षकातच बहुधा विषय स्पष्ट असतो. हातातल्या पुस्तकाचे शीर्षक मात्र अनेकदा फसवे असते. त्यामुळे प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचून आधी विषय एका वाक्यात लिहावा आणि मगच ड्यूई दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे विषयांना अंक देणाऱ्या पद्धतीचे, तक्ते उघडावेत. महाराष्ट्रीय पाककृतींचे पुस्तक घेतले, तर प्रदेशविशिष्ट पाककलेचा मूळ अंक ६४१.५९ मिळतो, त्याला दुसऱ्या, म्हणजे प्रदेशांच्या, कोष्टकातील महाराष्ट्राचा ५४७९२ हा अंक जोडला की ६४१.५९५४७९२ हा वर्गांक तयार होतो. यातील कोणता भाग कुठून आला, हे तक्ता मिटून सांगता आले पाहिजे. शिवाय एवढा लांब अंक लहान वाचनालयाला लागतो का, हाही विचार करावा. पाककृतींची मोजकीच पुस्तके असतील तर ६४१.५९५४ पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो तालिकीकरणाला, विशेषतः मराठी लेखकांच्या नावांना. विष्णु वामन शिरवाडकर यांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध झाली. अशा वेळी दोन्ही नावे स्वतंत्र ठेवून त्यांत परस्पर ‘हेही पाहा’ असा संदर्भ द्यावा, असे एएसीआर-२ या तालिकीकरणाच्या नियमसंहितेचा नियम सांगतो. आडनाव आधी घ्यायचे, आद्याक्षरांची पूर्ण रूपे शोधायची आणि एकदा ठरवलेले रूप सर्व नोंदींत तसेच ठेवायचे, ही शिस्त इथेच लागते. प्रत्येक निर्णय कारणासह वहीत लिहून ठेवावा. तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारले जाते.

त्यानंतर याच नोंदी ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत भराव्यात. ती विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही बसवता येते. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या ठरावीक आराखड्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचे क्षेत्र, म्हणजे रकाना, असतो: ०८२ हे ड्यूई वर्गांकाचे, १०० हे लेखकाचे, २४५ हे शीर्षकाचे आणि ६५० हे विषयाचे क्षेत्र आहे. हे आकडे नुसते पाठ केले तर विसरले जातात, स्वतःच्या नोंदी भरताना मात्र सहज लक्षात राहतात. नोंद पूर्ण झाल्यावर लेखकाच्या, शीर्षकाच्या आणि विषयाच्या नावाने शोधून पाहावे. पुस्तक सापडले नाही, तर चूक कुठल्या क्षेत्रात आहे तेही तिथेच कळते.

संदर्भसेवेसाठी मुंबईइतकी सोय क्वचितच मिळेल. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचे आहे, तर फोर्टमधील टाउन हॉलच्या इमारतीत एशियाटिक सोसायटीचा संग्रह आहे. तिथे जाण्यापूर्वी नियम आणि वेळा विचारून घ्याव्यात आणि एक नेमका प्रश्न सोबत न्यावा. ‘गिरण्यांवर काही आहे का?’ असे वाचक विचारतो, तेव्हा त्याला १९८२ च्या संपाची वृत्तपत्रे हवी असू शकतात, गिरणगावातील लोकजीवन हवे असू शकते किंवा गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते हवे असू शकते. आधी दोन प्रश्न विचारून गरज निश्चित करावी, मग शोध घ्यावा, आणि कोणती साधने पाहिली व कोणती निरुपयोगी ठरली हेही लिहून ठेवावे. हा सराव वर्गमित्रांनी एकमेकांशी वाचक आणि ग्रंथपाल होऊन केला तरी उपयोगी पडतो.

प्रशिक्षणासाठी एखाद्या ग्रंथालयात पाठवले जाईल, तेव्हा देवघेवीच्या टेबलावर बसण्याबरोबरच दाखल नोंदवही (नव्या पुस्तकांची नोंद) भरण्याचे आणि साठा पडताळणीचे (पुस्तके जागेवर आहेत का हे तपासण्याचे) काम आपणहून मागून घ्यावे, कारण चुकीच्या जागी लावलेले पुस्तक ग्रंथालयाच्या दृष्टीने हरवलेलेच असते आणि ते शोधण्याची रीत पुस्तकी तासांत फारशी शिकवली जात नाही.