शुगर बीटचा मातीतला व्हायरस: पान सोडा, मूळ खणा

नाशिकमधून प्लांट पॅथॉलॉजीत एमएस्सी करून जर्मनीकडे शुगर बीटच्या व्हायरसवर काम करायला निघालेल्या मुलामुलींचे मला मेसेज येतात आणि पहिला प्रश्न जवळपास ठरलेला, ताई प्रायमर (पीसीआर या जनुकीय चाचणीत व्हायरस शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठले घेऊ. प्रायमर नंतर बघू. आधी सॅम्पल झाडाच्या कुठल्या भागातून घ्यायचं ते पक्कं करा, माझा अख्खा सीझन इथेच अडकला होता आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

आपण टोमॅटो, मिरची, द्राक्ष बघत शिकलेले. टोमॅटोचा लीफ कर्ल असो नाहीतर मिरचीचा बोकड्या, रोग पानावर दिसतो, आपण शेंड्याचं कोवळं पान तोडतो, पिशवीत घालतो, आइस बॉक्समध्ये ठेवतो, झालं. हात आपोआप पानाकडेच जातो. रायझोमेनियात, म्हणजे या व्हायरसने शुगर बीटच्या मुळांना होणाऱ्या रोगात, ही सवयच घात करते. हा बीट नेक्रॉटिक यलो व्हेन व्हायरस, तिकडे सगळे बीएनवायव्हीव्ही म्हणतात, तो पॉलिमिक्सा बीटी नावाच्या मातीतल्या सूक्ष्म जीवातून येतो. जुन्या पुस्तकांत त्याला बुरशी म्हटलंय, खरी बुरशी तो नाही. त्याचे झूस्पोअर, म्हणजे पोहणारे बीजाणू, ओल्या मातीतल्या पाण्यात पोहत जाऊन बारीक मुळांत शिरतात आणि सोबत व्हायरस आत नेतात. पुढे व्हायरस मुख्यतः मुळातच राहतो, पानापर्यंत क्वचितच पोहोचतो. शिरा पिवळ्याधमक झालेलं पान फोटोत भारी दिसतं, शेतात सहसा सापडत नाही. शेतात दिसतात ते फिकट हिरवट-पिवळे पट्टे, पानं जरा उभी, देठ लांब, आणि बघणारा म्हणतो नत्र कमी पडलंय. ते एका अर्थी खरंही असतं, मूळच बिघडलंय तर नत्र वर येणार कुठून. पण अशा पानाची एलायझा (अँटिबॉडीने व्हायरस ओळखायची चाचणी) लावली की रिझल्ट निगेटिव्ह, दुसऱ्या पानाची लावा, परत निगेटिव्ह, मग माणूस अँटिबॉडीवर संशय घेतो, बफर बदलतो, प्लेट बदलतो, रात्री जागतो, आणि व्हायरस खाली मातीत मजेत असतो. पानाचा निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता मूळ घ्यायचं म्हटल्यावर दुसरी गंमत. पानं धरून बीट उपटलं की हातात येतो जाड गड्डा, आणि ज्या दाढीसारख्या बारीक मुळांत खरा माल असतो त्या तुटून मातीतच राहतात. वर नळाखाली जोरात धुतलं तर उरल्यासुरल्याही गटारात. म्हणून बाजूने खणा, मातीच्या ढेकळासकट उचला, बादलीत भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या, मग हळूहळू धुवा. गड्डा खाली एकदम निमुळता झालाय का बघा, उभा चिरून आतल्या नळ्या तपकिरी पडल्यात का बघा, आणि सॅम्पल घ्या ते बारीक मुळांचं आणि गड्ड्याच्या शेपटीचं. मुळांची दाढी दिसली म्हणून लगेच रायझोमेनिया म्हणू नका, बीटच्या सिस्ट निमॅटोडनेही, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीनेही, तशीच दाढी येते. मुळांवर लिंबाच्या आकाराचे पांढरे बारीक दाणे दिसले तर आधी निमॅटोडकडे बघा.

मूळ रंगवून मायक्रोस्कोपखाली पॉलिमिक्साच्या विश्रांती बीजाणूंचे घोस दिसले की फार आनंद होतो, मलाही व्हायचा. पण पॉलिमिक्सा सापडला म्हणजे व्हायरस सापडला असं नाही. व्हायरस नसलेला पॉलिमिक्सा कितीतरी शेतांत असतो.

माती तपासायची असेल तर बेट टेस्टला, म्हणजे आमिष म्हणून रोप लावून करायच्या चाचणीला, पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. माती वाळवायची, निर्जंतुक वाळूत मिसळायची, रोगाला बळी पडणाऱ्या जातीचं बी लावायचं, पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं, माती ओली राहील इतकं पाणी द्यायचं आणि काही आठवड्यांनी रोपांच्या मुळांची एलायझा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी ठेवा, कारण सगळ्या कुंड्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या तर झूस्पोअर पाण्यातून शेजारच्या कुंडीत जातात आणि कंट्रोल सुद्धा पॉझिटिव्ह येतो. नुसत्या निर्जंतुक वाळूच्या कुंड्या मध्ये मध्ये ठेवा, त्या स्वच्छ आल्या तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवा. मातीतून थेट आरएनए काढून एका दिवसात उत्तर देतो म्हणणारे भेटतील, मातीतली ह्युमिक द्रव्यं पीसीआर अडवतात हे ते सांगत नाहीत.

गाईडबद्दल विचारता म्हणून सांगते, पेपरांची यादी बघून गाईड निवडू नका, चिखलात उतरणारा बघा. आणि लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनशी पहिल्या आठवड्यात ओळख करा. मुळं कशी धुवायची हे मला अशाच एका बाईंनी शिकवलं, जर्मन धड येत नव्हतं तरी. भाषेला घाबरू नका, खरंच. आणि सुरुवातीचे महिने काहीच हाती लागलं नाही तरी तुम्ही कच्चे आहात असं समजू नका, हा रोगच असा आहे की इटलीत १९५० च्या दशकात लक्षात आला आणि व्हायरस जपानमध्ये १९७३ साली ओळखला गेला.

वाचायला सुरुवात प्रतिकारक जीनपासून करा. फवारून किंवा औषध ओतून हा रोग जात नाही, बीजाणू मातीत पंधरा वर्षांहून जास्त टिकतात, म्हणून नुसत्या फेरपालटावरही भागत नाही. सगळी भिस्त जातींवर, त्यातही आरझेड-वन या जीनवर फार. त्याने नुकसान खूप कमी होतं, पण व्हायरस मुळात शिरायचा पूर्ण थांबत नाही, आणि कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत त्यावर मात करणारे व्हायरस सापडलेत. व्हायरसच्या पी-ट्वेंटीफाइव्ह प्रोटीनमधली ६७ ते ७० नंबरची अमिनो आम्लं वाचा, प्रोजेक्टची दिशा तिथून सापडते.

बीटचं इथे काय काम असं घरचे विचारतील. त्यांना भुईमुगाचा क्लंप रोग सांगा, तो आपल्या देशातला आहे, पॉलिमिक्साच्याच भावंडातून पसरतो आणि हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत त्यावर मोठं काम झालंय. बीटवर शिकलेलं त्यात सरळ वापरता येतं. सरावासाठी निफाडच्या एखाद्या ओल्या मळ्यातून पालक किंवा बीटरूट मातीसकट खणून आणा, मुळं न तोडता धुऊन दाखवा, चाकवत मिळाला तर तोही, तो याच कुळातला.

आणि एक ताकीद. हा रोग मशीनला, बुटाला, गड्ड्याला चिकटलेल्या मातीतून गावोगाव गेलाय. सुट्टीला येताना तिकडच्या शेतात घातलेले बूट बॅगेत टाकू नका, परवानगीशिवाय माती देशात आणायला बंदी आहे. सॅम्पल दाखवायला म्हणून छोटी पुडी सुद्धा नको. बूट तिकडेच लॅबच्या रॅकवर ठेवा आणि विमानतळावरून थेट मळ्यात जायचं असेल तर दुसरी जोडी घाला.