नीट मुद्रित झालेली अकूस्टिक गिटार कशी शोधायची

अकूस्टिक गिटारचं ध्वनिमुद्रण वरवर सोपं वाटतं. एक वाद्य, एक वादक, समोर दोन माइक. पण हे वाद्य मुद्रणाला अवघड आहे. त्याचा आवाज लहान, छेडण्याचा आघात तीक्ष्ण, आणि तार छेडली की त्याच क्षणापासून टीप विझायला लागते. व्हायोलिनवाला गज ओढत टीप धरून ठेवतो, गिटारवाल्याला ती सोय नाही. त्या विझत जाणाऱ्या आवाजातच लाकूड, तार, बोट आणि खोली ऐकू येते. चांगल्या मुद्रणात हे सगळं टिकतं, सुमार मुद्रणात सगळ्यात आधी हेच जातं.

म्हणून शोध घेताना वादकाच्या नावावर थांबू नका. मुद्रण कोणी केलं आणि कुठल्या जागेत केलं, हे बघायची सवय लावा. एकच वादक दोन वेगळ्या लेबलांवर (मुद्रण प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांकडे) दोन वेगळ्या वाद्यांसारखा ऐकू येतो. उलट एकाच ध्वनिमुद्रकाची दहा मुद्रणं, वादक वेगवेगळे असले तरी, बहुधा एकाच दर्जाची निघतात.

आधी कानाची तयारी

गाणं नको, साथ नको, फक्त एकटी गिटार असलेला एक तुकडा घ्या. हेडफोनवर मध्यम आवाजात तीन-चार वेळा ऐका आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या.

पहिल्यांदा फक्त खर्ज ऐका. गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार सुमारे 82 हर्ट्झवर वाजते आणि पेटीच्या आतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. माइक थेट पेटीच्या गोल भोकासमोर ठेवला तर हा घुमारा नको इतका पकडला जातो. ओळखायची खूण अशी: जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जी हा स्वर 98 हर्ट्झचा, पाचवी मोकळी तार ए 110 हर्ट्झची. खर्जातल्या चालीत हेच दोन स्वर फुगून पुढे येत असतील आणि त्यांच्या शेजारचे ई, सी मात्र जागच्या जागी राहत असतील, तर माइकची जागा चुकली आहे. म्हणूनच बहुतेक ध्वनिमुद्रक बाराव्या फ्रेटच्या रोखाने, 30 सेंटिमीटरच्या आसपास माइक ठेवून सुरुवात करतात आणि मग कानाने जागा सरकवतात.

दुसऱ्यांदा आघात ऐका. नखाने छेडलेली टीप आणि बोटाच्या मांसल भागाने छेडलेली टीप यांतला फरक कळला पाहिजे. वादक उजवा हात घोडीकडे (पेटीवर तारा जिथे टेकतात तिकडे) नेतो तेव्हा आवाज पातळ आणि धारदार होतो, भोकावर आणतो तेव्हा गोल होतो. चांगल्या मुद्रणात हात कुठे सरकला ते डोळे मिटून सांगता येतं. सगळ्या टिपा एकाच धारेच्या आणि एकाच उंचीच्या लागत असतील तर कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यांतलं अंतर कमी करणं) जास्त झालं आहे असं समजा.

तिसऱ्यांदा तुकड्याची शेवटची टीप ऐका. सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि नेमकी इथेच बहुतेक जण पुढच्या तुकड्यावर उडी मारतात. आवाज किंचित वाढवा आणि शेवटची आस पूर्ण विझेपर्यंत थांबा. टीप ओसरता ओसरता मागची खरखर वर येत असेल तर तेही कॉम्प्रेशनचंच लक्षण. आस मध्येच कापल्यासारखी थांबली तर खरखर काढण्याच्या नादात कोणीतरी आसही काढून टाकली आहे. आणखी एक प्रकार आहे: आघात कानाशी अगदी जवळ, कोरडा, आणि मागची गुंज मात्र मोठ्या सभागृहातली. दोन्हींचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. ती गुंज नंतर यंत्रातून लावलेली असते. अशी गुंज लावणं हा गुन्हा नाही, पण ती वेगळी पडून ऐकू आली तर काम कच्चं आहे.

चौथ्यांदा रुंदी बघा. जाड तारा एका कानात, बारीक तारा दुसऱ्या कानात आणि मध्ये पोकळी असेल, तर दोन माइक वाद्याच्या फार जवळ आणि एकमेकांपासून लांब ठेवलेले आहेत. खरी गिटार तीन मीटर रुंद नसते. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो आवाजाचा (दोन्ही कानांत एकच आवाज) पर्याय असतो, तो चालू करून बघा. मोनो करताच आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ झाला तर दोन माइकांचे ध्वनी एकमेकांना खोडताहेत.

राहिला तारेवर बोट घासल्याचा चीं आवाज. वेढे घातलेल्या जाड तारांवर तो येतोच. मूळ टिपेपेक्षा तो मोठा ऐकू आला, तरच हरकत घ्या.

शोधाची सुरुवात: जागा आणि माणसं

नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारसाठी सगळ्यात खात्रीची वाट नॅक्सॉस लेबलची. त्यांची बरीचशी गिटार मुद्रणं कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात न्यूमार्केट गावच्या सेंट जॉन क्रिसोस्टम चर्चमध्ये झाली आहेत, आणि ती नॉर्बर्ट क्राफ्ट आणि बॉनी सिल्व्हर या दोघांनी केली आहेत. क्राफ्ट स्वतः गिटारवादक. वादक बदलतात, पण खोली तीच, कान तेच. याच लेबलच्या ‘लॉरिएट सिरीज’मध्ये गिटार स्पर्धा जिंकलेल्या तरुण वादकांचे अल्बम येतात. नावं अनोळखी असतील, पण मुद्रण निराश करत नाही. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर इथून करा.

इंग्लिश गिटारवादक ज्युलियन ब्रीम ऐकणार असाल तर इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या वॉर्डर चॅपलमध्ये केलेली मुद्रणं शोधा. निर्माता जेम्स बर्नेट आणि ध्वनिमुद्रक जॉन बोवर ही नावं वेष्टनावर दिसली की समाधानाने घ्या. दगडी चॅपलची गुंज आहे, पण टीप तिच्यात बुडत नाही. गिटारवादक डेव्हिड रसेलचे टेलार्क लेबलवरचे अल्बमही याच तोलाचे. त्यातल्या ‘आइरे लातिनो’ला 2005 मध्ये ग्रॅमी मिळालं.

धातूच्या तारांच्या गिटारसाठी विंडहॅम हिल हे लेबल विल्यम अ‍ॅकरमन यांनी 1976 मध्ये सुरू केलं. मायकल हेजेसचा ‘एरियल बाउंडरीज’ (1984) याच लेबलचा. पेटीवर थाप, डाव्या हाताने फ्रेटवर ठोकलेल्या टिपा, मोकळ्या तारांची आस, हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि तरीही प्रत्येक गोष्ट सुटी ऐकू येते. नवी हेडफोन जोडी तपासायला तो उत्तम. जर्मनीतलं गुंटर पाउलर यांचं स्टॉकफिश हे लेबल गाण्यासोबतच्या गिटारसाठी प्रसिद्ध आहे. आवाज आणि तारा दोन्ही अगदी जवळून घेतलेले. काहींना तो जवळपणा अति वाटतो, पण तारेचा पोत ऐकायचा असेल तर हेच ऐका. स्वीडनच्या ओपस 3 ची रीत उलटी: थोडे माइक, खरी खोली आणि कमीत कमी ढवळाढवळ.

म्युनिकचं ईसीएम (स्थापना 1969, निर्माता मानफ्रेड आयशर) गुंज सढळ हाताने वापरतं. राल्फ टाउनरची क्लासिकल आणि बारा तारांची गिटार त्यांच्याकडे ऐका. हा आवाज खोलीचा नाही, घडवलेला आहे, पण इतक्या मनापासून घडवलेला की तक्रार करावीशी वाटत नाही.

आपल्या कानांना सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (1993). विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची स्लाइड गिटार. मोहनवीणा ही मुळात गिटारच, तरफांच्या तारा लावून बदललेली. वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कविचंद्रन अलेक्झांडर यांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये ब्लमलाइन पद्धतीने हे मुद्रण केलं. या पद्धतीत पुढून आणि मागून ऐकणारे दोन माइक एकाच जागी 90 अंशांत ठेवतात. त्यामुळे वादक कुठे बसले आहेत आणि खोली केवढी आहे, दोन्ही कळतं. हे हेडफोनपेक्षा स्पीकरवर ऐका. स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करून बसा आणि मींड ओढल्यावर तरफा कशा जाग्या होतात तिकडे कान द्या.

एका नावावरून दहा नावं

एखादं मुद्रण आवडलं की पुढच्या पायऱ्या अशा. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर तो अल्बम उघडा. खाली श्रेयनामावली असते. तिथे ‘रेकॉर्डेड बाय’, ‘इंजिनिअर’ आणि ‘मास्टर्ड बाय’ यांपुढची नावं बघा. मुद्रण करणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या सगळ्या कामांची यादी उघडते. त्यातून एकट्या गिटारचे किंवा गिटार-द्वयाचे अल्बम निवडा. मग मुद्रणाची जागा बघा आणि तीच जागा दुसऱ्या कुठल्या अल्बमवर दिसते का ते शोधा. तासाभरात इतकी सामग्री हाती येते की ऐकायला आठवडे लागतील.

स्ट्रीमिंग सेवांवरच्या ‘निवांत गिटार’ छापाच्या याद्यांवर वेळ घालवू नका. त्या मूडप्रमाणे जुळवलेल्या असतात, मुद्रणाच्या दर्जाप्रमाणे नाही. ‘अकूस्टिक व्हर्जन’ या शब्दांवरही विसंबू नका. तिथे गाणारा गळा मुख्य असतो, आणि गळ्याला जागा मिळावी म्हणून गिटारचा खर्ज मुद्दाम कापलेला असतो. गाण्यात ते योग्यच आहे, पण ती गिटार एकटी ऐकली तर पत्र्यासारखी लागते.

मैफलीच्या मुद्रणात सगळ्यात मोठा अडथळा घोडीखालच्या पिएझो पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन माइकशिवाय थेट विजेच्या संकेतात बदलणाऱ्या पट्टीचा. रंगमंचावर माइक शिट्टी मारतो म्हणून वादक पिकअप वापरतात, आणि जोरात छेडलं की प्लास्टिकवर टिचकी मारल्यासारखा कडक, नाकातला आवाज येतो. इंटरनेट आर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक आर्काइव्हमध्ये प्रत्येक मुद्रणासोबत स्रोताची नोंद असते, ती वाचा. साउंडबोर्ड म्हणजे थेट मिक्सरवरून घेतलेलं. बँडसाठी ते उत्तम, एकट्या गिटारसाठी बऱ्याचदा निव्वळ पिकअपचा आवाज. माइकने घेतलेलं प्रेक्षागृहातलं मुद्रण, नाहीतर दोन्हींचं मिश्रण, जास्त नैसर्गिक निघतं.

व्हिडिओ बघताना माइक चौकटीत दिसतात का ते पाहा. गिटार विकणाऱ्या दुकानांच्या चित्रफिती यासाठी फार उपयोगी. एकच खोली, तेच माइक, फक्त वाद्य बदलतं, त्यामुळे पेटीची वरची फळी देवदाराची की स्प्रूस लाकडाची, यावरून पडणारा आवाजातला फरक कानाला शिकता येतो.

आवृत्ती निवडताना

एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या असू शकतात आणि ‘रीमास्टर्ड’ (जुन्या मुद्रणावर नव्याने शेवटचा हात फिरवलेली) हा शब्द सुधारणेची हमी देत नाही. अनेक नव्या आवृत्त्या फक्त जास्त मोठ्या आवाजाच्या असतात. लहान-मोठ्या टिपांतलं अंतर दाबून ती उंची मिळवलेली असते. डायनॅमिक रेंज डेटाबेसवर अल्बमचं नाव घालून आकडे ताडून पाहा. हा आकडा लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर सांगतो. एकट्या गिटारच्या अल्बमला 12 च्या आसपास किंवा वर आकडा असेल तर चिंता नाही, 8 च्या खाली असेल तर जुनी आवृत्ती शोधा. मात्र विनाइलवरून घेतलेल्या फाइलचा आकडा सीडीच्या आकड्याशी ताडू नका. तबकडीवरून वाजताना शिखरं थोडी बदलतात आणि आकडा उगाच वाढतो.

दोन आवृत्त्या कानाने ताडताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि नव्या आवृत्त्यांचा निम्मा डाव त्यावरच चालतो. सेवेतला आवाज समान करण्याचा पर्याय चालू ठेवला तर हे काम सोपं होतं.

फाइलच्या प्रकाराबद्दल थोडक्यात: सीडीचा दर्जा, म्हणजे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ, गिटारसाठी पुरेसा आहे. त्यावरच्या आकड्यांसाठी जादा पैसे देण्याआधी मुद्रण मुळात चांगलं आहे का ते बघा. खालच्या टोकाला मात्र फरक पडतो. कमी बिटरेटच्या एमपी3 मध्ये आघाताच्या आधीच एक पुसट सावली ऐकू येते आणि छेडण्याची धार बोथट होते. सेवेच्या सेटिंगमध्ये लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेला) नाहीतर सर्वांत वरचा दर्जा निवडा, डेटा वाचवण्याचा पर्याय बंद करा, आणि इक्वलायझर सपाट ठेवा.

शेवटी एक वही किंवा फोनमधली नोंद ठेवा. पाच रकाने पुरे: नायलॉन एकटी, धातूची तार बोटांनी, धातूची तार पिकने, गिटार-द्वय, मैफल. प्रत्येकात एकच मुद्रण लिहा आणि सोबत लेबल, ध्वनिमुद्रक, जागा, वर्ष आणि सीडीच्या डबीच्या कडेवरचा क्रमांक टिपून ठेवा. हा क्रमांक सोडू नका, कारण स्ट्रीमिंग सेवेवर त्याच मुखपृष्ठाखाली एखाद्या दिवशी दुसरी आवृत्ती येऊन बसते, आणि मग कान बदलला की फाइल बदलली हे ठरवायला हाती काहीच उरत नाही.