भाड्याच्या घरात ड्रिल न मारता किराणा कसा लावायचा

घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसेल तर आधी कपाटातली उभी जागा बघा, दोन फळ्यांच्या मधे डब्यांच्या वर निम्मी जागा रिकामीच असते, तिथे पायावर उभा राहणारा लोखंडी जाळीचा स्टँड ठेवला की खाली डाळींचे डबे आणि वर मसाल्याच्या बरण्या आरामात बसतात. खोल कपाटात मागचं सामान विसरलं जातं, म्हणून लांबट प्लास्टिक बास्केट वापरा, ड्रॉवरसारखी पुढे ओढता येते. शक्यतो चौकोनी डबेच घ्या, गोल डब्यांच्या मधली जागा फुकट जाते. फोडलेली रवा-पोह्यांची पाकिटं क्लिप लावून एकाच बास्केटमधे उभी ठेवा, आणि तेलाचा कॅन, तांदूळ, कणीक कायम सगळ्यात खाली.